द्राक्षांच्या गावात गव्हाचा चीक

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या चौदा तारखेला सकाळी परभणीत आमच्या घरासमोर एक पांढरी, उंच गाडी उभी राहिली. भाडे दिवसाला साडेचार हजार. तीन दिवसांचे साडेतेरा हजार आगाऊ दिले, शिवाय पाच हजार डिपॉझिट. डिझेल आपले. पैसे देताना हजर होतो मी, माझी पत्नी कावेरी, तिचा सोनपेठचा धाकटा भाऊ दत्ता आणि गाडीमालक. मालक संभाजीनगरचे, पण त्यांची सासुरवाडी पाथरीची. तिकडे जाता जाता त्यांनी गाडी आमच्या दारात आणून सोडली. समोरच्या गच्चीवर शेजारची तीन-चार माणसे उभी होती, त्यांना मी हजर धरत नाही.

गाडी म्हणजे एक खोलीच. मागे दोन पलंग, एक घडीचे टेबल, हात धुवायला नळ, आणि मुख्य म्हणजे गॅसची छोटी शेगडी. कॅम्परव्हॅन म्हणतात तिला. दत्ताने आत डोके घातले आणि म्हणाला, “दाजी, निम्म्या सोनपेठात यवढी खोली न्हाई कुणाकडं.”

आता पुन्हा फेब्रुवारी आला आहे. मोंढा बाजाराच्या रस्त्यावर द्राक्षांचे गाडे लागले आहेत. हिरव्या मण्यांवर पाणी मारतात, उन्हात ते काचेसारखे चमकतात, आणि मी भाव विचारण्याऐवजी वेगळेच विचारतो, “कुठली?” विकणारा सांगतो, “नाशिक.” नाशिक म्हणजे केवढा मुलूख. मी पुढे विचारत नाही, पण अर्धा किलोऐवजी एक किलो घेऊन घरी येतो. घरी न्हाणीजवळ पातेल्यात गहू भिजत घातलेले असतात. दाराशी चपला काढतानाच तो वास येतो, ओल्या, आंबू लागलेल्या गव्हाचा. पहिल्या दिवशी पावसात भिजलेल्या पोत्यासारखा, दुसऱ्या दिवशी ताकाच्या रांजणासारखा, आणि तिसऱ्या दिवशी कशासारखा, ते मला आमच्या त्या तीन दिवसांत कळले.

गाडी कशासाठी घेतली ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या घरात हौसेवर एवढा खर्च होत नाही.

माझी मुलगी अश्विनी परभणीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्र शिकली आणि नाशिककडे एका वायनरीत नोकरीला लागली. तिचे काम रस आंबवून त्याची वाईन होताना पाहणे, मोजणे, चाखणे. कावेरी माळकरी आहे. लग्नाच्या आधी तिच्या वडिलांनी तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, ती आजतागायत उतरलेली नाही. बाहेरचे अन्न नाही. हॉटेलातले तर पाणीही नाही. आणि दारूला हात लावणाऱ्याच्या हातचे काहीही नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी. दत्ता कधीमधी घेतो, म्हणून त्याने आणलेले पेढेसुद्धा तिने वीस वर्षे शेजाऱ्यांना वाटले आहेत.

नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवाळीत अश्विनी घरी आली आणि सवयीने परातीशी जाऊन बसली. कावेरी म्हणाली, “राहू दे, मी करते.” अश्विनीला आधी कळले नाही. मग कळले. ती उठली, हात धुतले, आणि चार दिवस पाहुण्यासारखी ताटावर बसून जेवली. निघताना मला म्हणाली, “पप्पा, मी यायचं कशाला? ताट वाढून घ्यायला?” त्यानंतर ती संक्रांतीला आली नाही. पुढच्या दिवाळीला सुट्टी नाही म्हणाली. सुट्टी होती. मी तिच्या कार्यालयात फोन करून विचारले होते.

त्यानंतरच्या पौषात कावेरी आपण होऊन म्हणाली, “मला तिचं काम बघायचंय.” मी बसचे वेळापत्रक काढले. ती म्हणाली, “बसनं जाऊन मी खाऊ काय? राहू कुठं?” तिची अडचण खरी होती. दशम्या दोन दिवस टिकतात, तिसऱ्या दिवशी काय? तेव्हा दत्तानेच ही गाडी शोधली. आपली शेगडी, आपली भांडी, आपले पाणी, आपले पीठ. स्वयंपाकघर बाईसोबत चालणार. लोक अशा गाड्या मजा करायला घेतात. सोवळे सांभाळायला घेणारे आम्ही पहिलेच असू.

कावेरीची आणखी एक अट होती. सरळ अश्विनीच्या वायनरीत जायचे नाही.

“का?” मी विचारले.

“स्थळ बघायला जाताना तुमी थेट नवरदेवाच्या दारात जाताव का? आधी शिवारात इचारायचं. माणसं कशी हाईत, पाणी कुठलं हाय, बायामाणसाला कसं वागवत्यात. मंग दारात.”

त्यामुळे आमचा दौरा ठरला. आधी दुसऱ्यांचे मळे, मग दुसऱ्यांची वायनरी, आणि शेवटी लेकीची. गाडी तीन दिवस का घ्यावी लागली, याचे उत्तर हे आहे.

त्या आठवड्यात घरी कुरडयांसाठी गहू भिजलेले होते. तीन दिवस पाणी बदलून झाले होते, आणि ते सोडून जाणे शक्य नव्हते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने ते वाटले, फडक्यातून पिळले आणि पांढरा दाट चीक दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये भरला. “अश्विनीला गरम चीक लय आवडतो. तितं गेल्यावर शिजवू.” जिच्या हातचे खायचे नाही, तिला खाऊ घालायला तिने चीक बरोबर घेतला, यात तिला काही विसंगत वाटत नव्हते. मलाही तेव्हा वाटले नाही. घरी ती चिकावर नुसते फडके टाकून ठेवते. गाडीत सांडेल म्हणून तिने कॅनचे झाकण दाबून बसवले आणि वरून सुतळीने आवळून बांधले.

जालन्यापर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी आणि करडई. करडईला पिवळी-केशरी फुले होती. ऊन तापू लागले. संभाजीनगरला आम्ही चहा केला, रस्त्याच्या कडेला गाडी लावून, स्वतःच्या शेगडीवर. एक ट्रकवाला थांबून बघत राहिला. कावेरीने त्यालाही अर्धा कप दिला. तिच्या हातचे इतरांनी खाल्लेले तिला चालते, नव्हे, आवडते.

येवल्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर मागे बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. दत्ताने करकचून ब्रेक लावला.

“टायर गेलं का रं?” मी विचारले.

“टायर खाली फुटत आस्तंय दाजी. हे वर फुटलं.”

मागे जाऊन पाहिले तर सुतळी तुटलेली, झाकण पलंगावर, आणि चीक छतापासून चटईपर्यंत. कॅनमध्ये निम्म्याहून जास्त शिल्लक होता आणि तो बारीक बुडबुडे काढत शांतपणे श्वास घेत होता. कावेरीने पदर खोचला आणि चटई पुसायला बसली. “मीच बांधलं,” एवढेच म्हणाली. चटईच्या विणीत गेलेले मात्र निघाले नाही. तेव्हापासून गाडीत एक आंबूस, गोडसर वास राहायला आला.

निफाडच्या पुढे पहिला मळा पाहिला. मालक वायनरीला द्राक्षे घालणारा शेतकरी. आम्ही खायची द्राक्षे पाहिलेली माणसे, त्यामुळे वेलीखाली वाकून पाहताच फसवल्यासारखे वाटले. मणी काळे, वाटाण्याएवढे, साल जाड, आत दोन-दोन बिया. दत्ता एक मणी चावून म्हणाला, “ह्ये तर बाजारात कुणी फुकट नेणार न्हाई.” शेतकरी हसला. रांगांच्या टोकाला गुलाबाची झाडे होती. मी विचारले, शोभेला का? तो म्हणाला, रोग आधी गुलाबावर दिसतो, मग वेलीवर. पूर्वीपासूनची रीत आहे. पुढे म्हणाला, या वेलीचे लाड करून चालत नाहीत. पाणी मोजून द्यायचे, जमीन हलकी हवी, जरा उपाशी ठेवायची, तेव्हा मण्यात गोडी उतरते.

मला ते फार आवडले. आपल्याकडच्या काळ्या जमिनीचा आपल्याला केवढा अभिमान, आणि इथे मुरमाड माळाला भाव. कावेरीला मात्र वेलीपेक्षा खुडणाऱ्या बायांत रस होता. त्या उजाडायच्या आधी येतात, ऊन चढायच्या आत काम संपवतात, कारण गरम झालेली द्राक्षे वाईनला चालत नाहीत. तिने त्यांना विचारले, वायनरीची माणसे कशी? पैसे वेळेवर देतात का? तिथे कामाला असलेल्या पोरींशी कसे बोलतात? एक बाई कात्री थांबवून म्हणाली, “पोरी हुशार असतात तिथल्या. गाडीतली द्राक्षं नुसती हुंगून परत पाठवतात. आमच्या मालकालासुद्धा घाबरत नाहीत.”

गाडीत बसल्यावर कावेरीने मला विचारले, “नुसतं हुंगून?”

दुसऱ्या दिवशी दुपारी एका टेकडीवरच्या वायनरीत गेलो. समोर धरणाचे पाणी. गोदावरीचे ते पाणी बघून दत्ता बराच वेळ उभा राहिला. “आक्का, हीच की आपली गंगा. आपल्याकडं येईस्तोवर हिचा किती पसारा हुतोय, न्हाई?” सोनपेठच्या माणसाला उगमाजवळची गोदावरी लहानपणीचा फोटो बघितल्यासारखी वाटत असावी.

आत चाखायची खोली होती. लांब टेबल, उलटे टांगलेले ग्लास, आणि मध्ये एक पितळी भांडे. कावेरी दारातल्या बाकावर बसली, उंबऱ्याच्या आत नाही. दत्ता उत्साहाने टेबलापाशी गेला, तेव्हा मी त्याला आठवण करून दिली की गाडी तो चालवतो आहे.

“म्हंजे मी घ्यायची न्हाई?”

“थेंब नाही.”

“वा रं न्याय! ज्याला हौस हाय त्याच्या हातात स्टेअरिंग, जिच्या गळ्यात माळ हाय ती इथवर आली. आन् पिणार कोण, तर तुमी! तुमी तर ताकबी मोजून पिताव.”

मी प्यायलो. आयुष्यात पहिल्यांदा. पाच ग्लास समोर आले, प्रत्येकात दोन घोट. पांढरीची चव कैरीच्या पाण्यासारखी, तांबडीने जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळली. समजावून सांगणारा मुलगा म्हणाला, आवडली नाही तर या भांड्यात टाका, थुंकलेलेही चालते. आमचे चाखणारे लोक गिळत नाहीत, दिवसाला तीस-चाळीस नमुने चाखायचे तर गिळून कसे भागेल? मला माझ्या आजोबांची पितळी पिकदाणी आठवली. निजामाच्या काळची, कलई केलेली. ते विडा खायचे आणि रस गिळायचे नाहीत. त्यांना कुणी व्यसनी म्हटले नाही.

मी बाहेर येऊन कावेरीला सांगितले, “अश्विनी गिळत नाही. थुंकते.”

तिने विचार केला. ती कोणतीही गोष्ट घाईने नाकारत नाही, ही तिची अडचण आहे आणि माझी सोय.

“थुकली तरी जिभंवरून गेलीच की.”

प्रश्न मलाच चिकटला. मी कार्यालयात हिशेब तपासणारा माणूस. कोणतीही नोंद एका खात्यातून दुसऱ्यात कधी जाते, ते मला ठरवावे लागते. प्यायलेले कशाला म्हणायचे? ओठाला लागले तेव्हा की घशाखाली उतरले तेव्हा? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, दारू दारू कधी होते? सकाळी जो रस असतो, तो कोणत्या घटकेला रस राहत नाही?

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लेकीच्या दारात पोहोचलो.

ती रबरी बूट घालून धावत आली. केस वर बांधलेले, हात मनगटापर्यंत जांभळे. मामाच्या पाया पडली, माझ्या पडली, आणि आईसमोर थबकली. कावेरीने तिच्या तोंडावरून हात फिरवला. “वाळलीस.” सगळ्या आया असेच म्हणतात, पण ती खरोखर वाळली होती. हंगामात त्यांना झोप नसते.

स्टीलच्या टाक्या आमच्या घराहून उंच होत्या. दाराबाहेर द्राक्षांचे क्रेट उतरत होते, यंत्रातून देठ एका बाजूला आणि मणी दुसऱ्या बाजूला पडत होते. कावेरी टाक्यांच्या दाराशी थांबली, आत गेली नाही. पण तिथेच उभी राहून तिने मान वर केली आणि दोनदा श्वास ओढला. मग माझ्याकडे पाहिले. तिसऱ्या दिवशीच्या गव्हाचा वास होता. मलाही आला. आपल्या न्हाणीशेजारचा वास चारशे किलोमीटरवर, परक्या इमारतीत.

अश्विनी एक ग्लास घेऊन आली. “आई, हा आत्ता निघालाय. नुसता रस आहे, दुसरं काही नाही. घे.”

“आन् उद्या?”

“उद्या-परवा फसफसायला लागेल.”

“मंग ह्याचं त्ये कवा हुतंय?”

अश्विनी हसली नाही. “तेच तर माझं काम आहे, आई. रोज साखर मोजायची, चव बघायची, वास घ्यायचा. अशी एक घटका नसते. हळूहळू होतं. आपण फक्त लक्ष ठेवायचं.”

कावेरीने ग्लासाकडे पाहिले, लेकीच्या जांभळ्या बोटांकडे पाहिले आणि म्हणाली, “ठिव तितं.”

अश्विनीने ग्लास क्रेटवर ठेवला. तिचा चेहरा दिवाळीत परातीपासून उठताना झाला होता तसाच झाला. थोड्या वेळाने ग्लासावर मधमाश्या आल्या. दत्ता म्हणाला, “मी पितो मंग, रसच हाय की,” पण कुणी हसले नाही, आणि तोही प्यायला नाही. मी मनात म्हटले, झाले. साडेतेरा हजार देऊन आम्ही जिथे होतो तिथेच आलो.

मग अश्विनी गाडी बघायला आत चढली आणि दारातच थांबली. “आई, हे काय? तुझ्या गाडीत काय चाललंय? आमच्या टाकीसारखा वास येतोय!”

झाकण उडाल्याची हकीकत दत्ताने सांगितली, छत, चटई आणि ब्रेकसह. ती पोट धरून हसली. “आई, झाकण आवळलंस? आम्ही टाकी कधी घट्ट बंद करत नाही. हवा जायला वाट ठेवतो.”

“मला शिकवू नको. घरी मीबी ठिवतेच की. गाडी व्हती म्हणून बांधलं.” कावेरीचा आवाज मात्र कडक नव्हता. तिने कॅनमधले वरचे पाणी ओतून टाकले. “लय आंबलाय. आत्ताच शिजवला पायजे, न्हाईतर गेला.”

चीक शिजवणे एका माणसाचे काम नाही. उकळत्या पाण्यात एकाने धार धरायची, दुसऱ्याने लाकडी चाटू न थांबवता हाटायचे. थांबला की गुठळी. घरी हाटायला शेजारीण येते. इथे कॅन जड, शेगडी हलकी. कावेरीने दोन्ही हातांनी धार धरली आणि मी हाटू लागलो; माझे कालचे पाच ग्लास त्या घाईत तिलाही आठवले नाहीत आणि मलाही. चार वेढ्यांतच गुठळ्या वर आल्या.

“सरका तुमी! आवं, जोरात हाटा म्हणलं, पाळण्याला झोका द्यायलाव का?”

“माझ्याकडं बघू नका दाजी, माझ्या हातचं आक्काला कुठं चालतंय? आन् हे हात दोन दिस स्टेअरिंगवर हाईत. चाटू बी डावी-उजवीकडं वळंल.”

पातेले बुडाशी धरू लागले होते. अश्विनी नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होती. साबण लावून दोनदा धुतले. डाग तसेच.

“निघत न्हाईत का गं?”

“नाही. हंगाम संपेपर्यंत असंच राहतं.”

धार चालू होती. कावेरीच्या मनगटाला कळ लागलेली मला दिसत होती. तिने कॅन खाली ठेवला असता, तर चीक गेला असता, आणि कुणी काही म्हटलेही नसते. तिने ठेवला नाही. पातेल्याकडे बघतच ती म्हणाली, “घे चाटू. हाट. खालून हाट.”

अश्विनीने चाटू घेतला. ती पाय रोवून उभी राहिली आणि पूर्ण दंडाने, बुडातून, गोल हाटू लागली. गाडी हलू लागली. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा झाला, चकाकी आली, बुडबुडे फुटून पच् पच् वाजू लागले. “हवा जाऊ दे,” कावेरी म्हणाली. कुणाला म्हणाली, ते मी विचारले नाही.

पाच वाट्या वाढल्या. मी, दत्ता, अश्विनी, कावेरी, आणि एक देवाची. वर करडईचे तेल. पहिला घास कोण घेतो याची वाट सगळेच पाहत होतो, आणि पाहत नसल्यासारखे करत होतो. कावेरीने वाटी देवाला दाखवली, आपली उचलली, फुंकर घातली आणि खाल्ले.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

अश्विनीने मीठ वाढले. मान खाली घालून वाढले.

आज दुपारी तिचा फोन आला होता. “पप्पा, आईला विचारा, पाणी बदललं का? आणि झाकण आवळू नको म्हणावं. मी शनिवारी येतेय, हाटायला.” कावेरीला मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, “मला शिकवायलीय,” आणि पातेल्यावर फडके अलगद टाकून आत गेली. माळ गळ्यात आहे. दत्ताचे पेढे अजूनही शेजारी जातात. नियम कुठे बदलला आणि कुठे तसाच राहिला, ते मी तिला विचारलेले नाही. अशी एक घटका नसावी.

राहिला शेवटचा हिशेब. परतताना गाडी संभाजीनगरला मालकांच्या दारात दिली. ते मागचे दार उघडून आत गेले आणि तसेच मागे आले.

“काका, राग मानू नका, पण गाडीत दारू सांडलीय. चटई धुवावी लागेल, वास जायला आठवडा जाईल.”

दत्ता फुटपाथवर बसूनच हसला. मी मालकांना कावेरीच्या गळ्यातली माळ दाखवणार होतो, गव्हाचा चीक म्हणजे काय ते समजावून सांगणार होतो, आणि कदाचित पटवलेही असते. कावेरीने मला थांबवले.

“आंबलेलंच व्हतं ना ते? मंग त्यांचं काय चुकलं?”

डिपॉझिटचे पाच हजार पूर्ण परत घेतले. चटईवरच्या दारूच्या वासापोटी सफाईचे पाचशे रुपये कावेरीने स्वतःच्या बटव्यातून काढले आणि गाडीमालकांच्या हातावर ठेवले.